नाव अनोखं असू दे, स्पेलिंग साधं असू दे

बारशाची तारीख ठरली की घरात दोनच विषय उरतात. जेवायला माणसं किती आणि नाव काय. माणसांचा आकडा एका संध्याकाळी ठरतो. नावाचा घोळ मात्र पाळणा सजेपर्यंत चालतो. मोबाइलमध्ये आईबाबांची यादी, वहीत आजीची यादी, "नाव मीच ठेवणार" म्हणून अडून बसलेली आत्या आणि या सगळ्यांवर पत्रिकेतून आलेलं अक्षर. हस्त नक्षत्र असेल तर पू, ष, ण, ठ. आर्द्रा असेल तर कू, घ, ङ, छ. आता 'ङ'वरून नाव काढून दाखवा! शेवटी एखादी आजीच म्हणते, "पत्रिकेतलं नाव पत्रिकेत राहू दे गं, हाक मारायला दुसरं ठेवा."

या सगळ्या घोळात आपला एक हट्ट मात्र पक्का असतो. आपल्या बाळाचं नाव दुसऱ्या कोणाचं नसावं. आणि त्यात वावगं काय? आपण ज्या वर्गांत शिकलो तिथे 'स्वाती' अशी हाक आली की चार माना वळायच्या. अमोल आणि सचिन यांना तर आडनावानेच हाक मारायची पद्धत. बाई 'मोठी स्वाती', 'छोटी स्वाती' असं करायच्या आणि ती छोटी दहावीपर्यंत छोटीच राहायची, उंचीने कितीही वाढली तरी. ते आठवतं, म्हणून तर आपण लाखात एक नाव शोधत बसतो.

गंमत अशी की सगळ्यांनी एकाच ठिकाणी शोधलं. आज बालवाडीच्या दारात 'विहान' म्हणा नाहीतर 'आरव' म्हणा, दोन-तीन दप्तरं वळतातच.

मग नावात साधलं नाही ते वेगळेपण आपण स्पेलिंगमध्ये साधतो. एक 'ए' पुरत नाही म्हणून दोन, 'आय'च्या जागी डबल 'ई', शेवटी उगाच एक 'एच'. कुणाला अंकशास्त्रवाल्यांनी बेरीज जुळवून दिलेली असते, कुणाला ते नुसतंच दिसायला छान वाटतं. "रितेश देशमुखचं स्पेलिंग बघ, अजय देवगणचं बघ," असंही ऐकवलं जातं. खरंय. एकाच्या नावात नेहमीपेक्षा एक अक्षर जास्त आहे, दुसऱ्याच्या आडनावातला एक 'ए' गायब आहे. पण त्यांचं नाव चुकलं तर समोरचा माफी मागतो. आपल्या लेकराचं चुकलं तर आपण पुन्हा रांगेत.

मला हल्ली असं वाटतं, नावाच्या बाबतीत हौस आपली असते आणि राबणूक मुलाची. आपण नाव एकदाच ठेवतो, पेढे वाटतो, मोकळे होतो. ते उच्चारून दाखवायचं, फोड करून सांगायचं, चुकलं की दुरुस्त करायचं, हे काम मूल रोज करतं. आणि बऱ्याचदा ते करतंय हे आपल्याला कळतही नाही.

माझ्या मुलीचं नाव ज्ञानदा. मराठी माणसाला यात अडण्यासारखं काही नाही. पण इंग्रजीत ते डी-एन-वायने सुरू होतं. ज्यांचा मराठीशी संबंध नाही त्यांना 'डी'च्या पाठोपाठ 'एन' दिसला की पुढे जायचं कसं तेच कळत नाही. चौथीत तिच्या वर्गाला नव्या मिस आल्या, मूळच्या लखनौच्या, अगदी गोड बाई. एके दिवशी भाजी निवडताना ही सहज म्हणाली, "आई, हजेरीत देवने 'येस मिस' म्हटलं ना, की मी लगेच उभीच राहते. मग मिसना माझं नाव वाचायलाच लागत नाही."

मला आधी हसूच आलं. केवढी चलाख पोरगी! मग हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "का गं, वाचलं तर काय होतं?"

"काही नाही. त्या थांबतात ना, मग सगळे माझ्याकडे बघतात."

बस्स, एवढंच. कोणी चिडवत नव्हतं, कोणी वाईट वागत नव्हतं. देवच्या नावानंतर येणारी ती दोन सेकंदांची शांतता तिला नको होती. मोठ्या माणसाला दोन सेकंद म्हणजे काहीच नाही. नऊ वर्षांच्या मुलीला तेवढ्यात चाळीस डोळे मोजता येतात.

मुलं या गोष्टी तक्रार म्हणून सांगत नाहीत. ती आपापल्या युक्त्या काढतात. खाली खेळायला गेल्यावर नवीन मुलांना दुसरंच सोपं नाव सांगतात. वहीवर पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं घालतात. चित्रकलेच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळूनही घरी आणून दाखवत नाहीत, कारण त्यावर ज्ञानदाचं 'दयानंद' झालेलं असतं. आमच्याकडे ते प्रमाणपत्र फाइलमध्ये उलटं लावलेलं सापडलं. पाठीचा कोरा कागद बाहेर, बक्षीस आत.

अशा वेळी आपल्या तोंडून ठरलेली वाक्यं येतात. "त्यात काय एवढं!" "हसतात तर हसू दे." आणि सगळ्यांत लाडकं म्हणजे "तुझ्या नावाचा अर्थ किती सुंदर आहे माहितेय का?" आपण दिवसभराचे दमलेले असतो, कुकरची शिट्टी होत असते, आणि मुलाचा चेहरा पटकन फुलावा असं वाटतं, म्हणून आपण अर्थाकडे धावतो. पण मुलाला अर्थ पाठ असतो. बारशापासून तेच ऐकतंय ते. त्याला हवं असतं ते इतकंच, की कोणीतरी म्हणावं, "रोज रोज सांगून कंटाळा येत असेल नाही?" हे एकदा विचारून बघा. पुढचं बोलणं आपोआप येतं, आणि कधीकधी बरंच येतं.

आपल्या आजी-पणजीच्या काळात विचित्र नावं नव्हती असं थोडंच आहे? घरात मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू, भिकू असं ठेवायचे. दृष्ट लागू नये, यमाच्या नजरेत भरू नये, म्हणून. त्या नावात आईचा जीव अडकलेला असायचा. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो. त्यांना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं, आणि तोवर 'धोंडो'कडे बघून कोणी हसत असेल असं वाटत नाही. कारण गल्लोगल्ली एक धोंडू होता. नाव कसं म्हणायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलाला नावाच्या अर्थाचं ओझं कमी आणि भोवतालच्या नजरांचं जास्त वाटतं, ते असं.

अर्थात अर्थही बोचतो. सातारा जिल्ह्यातल्या 'नकुशी' आठवत असतील. मुलगा हवा असताना झालेली आणखी एक मुलगी, म्हणून नकोशी. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. आपण कोणाला नको होतो, हे रोज हजेरीला आपल्याच नावातून ऐकत मोठ्या झालेल्या मुली. त्यांच्यापुढे आपल्या घरातले स्पेलिंगचे प्रश्न चिल्लर आहेत हे मला कळतं. पण ज्याचं त्याला टोचतं, आणि आपलं मूल आपल्याच घरात राहतं.

इथे एक अभ्यास सांगावासा वाटतो, कारण माझी स्वतःची काळजी त्याने बरीच हलकी केली. मेलबर्नच्या सायमन लॅहम यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर २०१२ साली तो प्रसिद्ध केला. ज्यांची नावं उच्चारायला सोपी त्यांच्याविषयी लोकांचं मत जरा जास्त चांगलं होतं, असं त्यांना दिसलं. वकिलांच्या कंपन्यांमध्ये सोप्या आडनावाची माणसं वरच्या जागांवर जास्त आढळली. हे वाचून पोटात गोळा येतो ना? पण पुढचं वाचा. हा परिणाम नाव किती लांब, किती दुर्मीळ किंवा किती परकं आहे यावर अवलंबून नव्हता. अडत होतं ते जिभेवर. म्हणजे नाव कोणीही न ऐकलेलं असलं तरी चालतं, समोरच्याला ते म्हणता आलं पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच आहे. नाव अनोखं ठेवा, खुशाल ठेवा. पण ते इंग्रजीत लिहिताना परक्या माणसाने पहिल्या फटक्यात बरोबर वाचावं असं लिहा. अक्षरांची नक्षी तिथे नको.

आपल्या मराठीत तर आधीच थोडे खाचखळगे आहेत. 'ज्ञ' आपण डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाले जी-वाय. 'ऋ' आपला 'रु' आणि त्यांचा 'रि'. त्यामुळे आपली अमृता दिल्लीत गेली की तिला आपल्या नावातला 'यू' प्रत्येकाला समजावून सांगावा लागतो. 'क्ष' कोणी के-एस-एचने लिहितं, कोणी नुसत्या 'एक्स'ने. हे तर टळणारं नाही, आणि टाळायलाही नको. ज्ञानदाला मी काही ग्यानदा करणार नाही. पण या खड्ड्यांत आपल्या हौसेचे आणखी दोन कशाला खणायचे?

एक गोष्ट मात्र स्पेलिंगने सुटत नाही, ती बोलून टाकते. काही नावं वाचायला सोपीच असतात, पण वाचणारा त्यातून जात नाहीतर धर्म वाचतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास याच विषयावरचा आहे. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांत ठेवला. सवर्ण हिंदू वाटणाऱ्या नावांपेक्षा दलित आणि मुस्लिम वाटणाऱ्या नावांना बोलावणी कमी आली. मुलांच्या नावापुढे आडनाव न लावता फक्त वडिलांचं नाव लावणारी कुटुंबं आपल्या ओळखीत असतात. त्यांना "आडनाव काय हो तुमचं?" असं आपण किती सहज विचारतो! तो प्रश्न न विचारणं एवढं तर आपल्या हातात आहे.

आता जरा कागदपत्रांचं. रटाळ आहे, पण नंतरची धावपळ वाचवणारं आहे.

स्पेलिंग पहिल्यांदा ठरतं ते बऱ्याचदा आपल्या नकळत. बाळ-बाळंतीण वॉर्डात, बाबा जागरणाने तारवटलेले, मामा फॉर्म भरतोय आणि काउंटरवरचा माणूस म्हणतोय "लवकर सांगा". जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते हे खरं, पण त्यात नाव तेव्हाच घातलं पाहिजे असं नाही. नाव नंतर घालता येतं. नोंदणीपासून वर्षभरात त्याला पैसे पडत नाहीत, आणि विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत ती सोय असते. म्हणजे बारसं होऊ द्या, घरात दोन दिवस भांडा, कागदावर स्पेलिंग लिहून एखाद्या अमराठी शेजाऱ्याला वाचायला द्या, आणि मग जा. तो जे वाचेल तेच पुढे शाळेत वाचलं जाणार आहे.

१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर हे फार जपायला हवं. शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत त्यांच्या जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणजे जन्मदाखलाच. शिवाय महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतरच्या मुलांच्या नावात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम सरकारी कागदांवर आलाय. छानच झालं. पण त्याबरोबर आईच्या नावाचं स्पेलिंगही मुलाच्या कागदावर आलं. लग्नानंतर जिचं नाव बदललं, जिच्या पॅनवर एक आणि बँकेत दुसरं आहे, तिने आधी स्वतःचे कागद जुळवून घेतलेले बरे. ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलेलं नाव किती ठिकाणी बदलायचं राहून जातं, हे आपल्यालाच माहीत.

आणि आधार केंद्रावर गेलात की समोरच्या स्क्रीनवर नजर ठेवा. इंग्रजीत टाइप केलं की मराठी नाव आपोआप उमटतं, आणि ते यंत्र काही आपल्या आत्याइतकं हौशी नसतं. त्याला 'इरा' आणि 'ईरा' सारखंच. कडेवरचं मूल रडत असतं, मागे रांग असते, तरीही "एक मिनिट हं" म्हणून मराठी वाचा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

कागद झाले. मुलाच्या मनाचं काय?

आपण मुलांना एक गोष्ट अगदी लहानपणापासून शिकवतो, मोठ्यांना उलट बोलायचं नाही. आणि मग अपेक्षा करतो की बाईंनी नाव चुकीचं घेतलं तर त्याने सांगावं. मूल कात्रीत सापडतं. त्याला वाटतं, मिसना दुरुस्त करणं म्हणजे उद्धटपणा. त्यामुळे "सांग ना मग!" एवढं म्हणून भागत नाही. त्याच्या तोंडी वाक्य द्यावं लागतं. आमच्याकडे "मिस, ज्ञानदा म्हणतात, पहिलं अक्षर 'ज्ञानी'मधलं" हे ठरलं, पण लखनौच्या मिसना 'ज्ञानी' म्हणजे 'ग्यानी'. मग "'ग्यान' म्हणालात तरी चालेल, पण 'डी' नको" असं तडजोडीचं वाक्य तिनेच तयार केलं. स्वयंपाकघरात तालीम झाली. मी मिस झाले, बाबा मागच्या बाकावरचा हसणारा मुलगा. बाबांनी ती भूमिका जरा जास्तच मन लावून केली.

शिक्षकांना आपणही सांगू शकतो, आणि त्याला पालकसभेची वाट बघायला नको. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात डायरीत दोन ओळी. नाव देवनागरीत, खाली उच्चाराप्रमाणे इंग्रजीत फोड. साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना हे आवडतं हो. चुकायचं त्यांनाही नसतंच.

घरातल्या हाकेचंही बघा. पिंट्या, छकुली, बंड्या ही नावं गोडच. पण ज्या मुलाला बाहेर पूर्ण नाव क्वचितच नीट ऐकू येतं, त्याने निदान घरी तरी ते रोज ऐकावं. जेवायला बोलावताना, फोनवर मावशीला सांगताना, आणि फक्त रागावताना तर मुळीच नाही. आपण नेमकं तेच करतो. लाडात 'छकुली' आणि ओरडायचं झालं की पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग त्या नावाशी तिचं नातं कसं जुळावं?

आणि हेही आपण सगळे करतो. सोसायटीतल्या मल्याळी किंवा मणिपुरी मुलाचं नाव जिभेवर बसलं नाही की आपण त्याला परस्पर सोपं करून टाकतो. प्रेमानेच. खाऊ देतानाच. तो मुलगा काही बोलत नाही, आपली ज्ञानदा जशी बोलली नव्हती तशीच. "तुझं नाव मला एकदा नीट शिकव रे," असं आपल्या मुलांसमोर त्याला विचारलं, तर दोन्ही मुलांना काहीतरी मिळतं.

परदेशातल्या आपल्या घरांनी यावर आपापली वाट काढली आहे. माझ्या मावसबहिणीने तिकडे मुलांची नावं मीरा आणि नील ठेवली, दोन्हीकडे चालणारी. तिच्या शेजारच्या मराठी कुटुंबाने मुलाचं नाव हट्टाने ऋग्वेद ठेवलं. ऋग्वेद आता बारा वर्षांचा आहे आणि कॉफीच्या दुकानात स्वतःचं नाव 'रिक' सांगतो. त्याच्या आईला याचं वाईट वाटतं. मला विचाराल तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. कॉफीच्या कपावर कुठे कोणी कायमचं नाव लिहितं? घरी, शाळेत, मित्रांत तो ऋग्वेद आहे आणि तसं म्हणून घेतो. कुठे थांबून समजावायचं आणि कुठे सोडून द्यायचं, हे ज्याचं नाव त्याने ठरवावं.

तेरा-चौदाव्या वर्षी काही मुलं सरळ म्हणतात, "मला हे नाव नकोय." आपल्या काळजात चर्र होतं. किती प्रेमाने ठेवलं होतं! पण लगेच दुखावून जाऊ नका. बऱ्याचदा नाव नको नसतंच, त्यातलं ते जादाचं अक्षर नको असतं, किंवा वर्गातल्या एकाने पाडलेलं टोपणनाव नको असतं. विचारलं की कळतं. आणि विचार करूनही त्याला खरंच बदलायचं असेल, स्पेलिंग सरळ करायचं असेल, तर शपथपत्र आणि राजपत्र हा रस्ता आहे, त्यावरून पुष्कळजण गेलेत. फक्त ही बोलणी दहावीच्या आधी उरका. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जे नाव असतं तेच बोर्डाकडे जातं, आणि बोर्डाकडून तपासायला प्री-लिस्ट येते तेव्हा मुलाने घाईत सही करण्याआधी घरच्या कोणीतरी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलेलं बरं. गुणपत्रिका एकदा छापून आली की मग पुढचे सगळे हेलपाटे आपले.